सायमा हाकालाच्या टिकल्या

जानेवारीतल्या त्या मंगळवारी क्लिफर्ड ट्रेझोनाने चाप ओढला आणि ‘धाड्’च्या जागी ‘खट्’ झालं, तेव्हा आधी सगळ्यांना वाटलं, गडी काडतूस भरायलाच विसरला. नगरभवनाच्या तळघरात एकदम इतकी शांतता पसरली की वरच्या मजल्यावर पत्ते खेळणाऱ्यांचं हसू खाली ऐकू आलं. क्लिफर्डने नियमाप्रमाणे रिव्हॉल्व्हरचं तोंड निशाणाकडेच धरून ठेवलं आणि मनातल्या मनात तीस आकडे मोजले. कधीकधी काडतूस उशिरा उडतं, घाई करणाऱ्याचा घात होतो. मग त्याने चक्र उघडून पाहिलं. काडतूस होतं. बुडावर घोड्याच्या चोचीचा वणही उमटला होता. उडालं मात्र नव्हतं.

मागच्या बाकावर सायमा हाकालाने कॉफीचा मग खाली ठेवला. ते काडतूस तिने भरलेलं होतं.

नॉर्लुंडच्या पिस्तूल क्लबातली झाडून सगळी काडतुसं सायमाच भरायची. उडालेल्या पितळी पुंगळ्या गोळा करायच्या, धुऊन चकचकीत करायच्या, बुडातली जुनी टिकली काढून नवी बसवायची, तोलून बारूद घालायची आणि वर शिशाची गोळी दाबायची. दुकानदार त्या टिकलीला प्रायमर म्हणतात. मसुराच्या दाण्याएवढी असते, खेळण्यातल्या पिस्तुलाच्या टिकलीची थोरली बहीणच म्हणा. घोडा तिच्यावर आपटतो, आतला मसाला टिकलीच्या पोटातल्या इवल्याशा ऐरणीवर चिरडतो, ठिणगी पडते आणि बारूद पेटते. सायमाच्या काडतुसांत ही ठिणगी पडली नाही, असं तेवीस वर्षांत कुणी पाहिलं नव्हतं.

त्या संध्याकाळी क्लिफर्डचं रिव्हॉल्व्हर चार वेळा ‘खट्’ म्हणालं. एकदा गोळी उडाली नाही तर पाच गोळ्यांचा डाव पुन्हा खेळू देतात, दर वेळी नाही. बार्नेटहून आलेला संघ बर्फातून चाळीस मैल गाडी हाकत आला होता. ते लोक नॉर्लुंडकरांना त्यांच्याच तळघरात सडकून हरवून, त्यांचीच कॉफी पिऊन, त्यांच्याच मांस-बटाट्याच्या पॅस्ट्या खाऊन हसतमुखाने घरी गेले.

पाहुण्यांची पाठ वळली तसा क्लिफर्ड सायमासमोर येऊन उभा राहिला. चव्वेचाळीस वर्षांचा आडदांड माणूस, लाकडाच्या गिरणीत यंत्रदुरुस्तीवर मुख्य, क्लबाच्या संघाचा कप्तान. पण लहानपणी तो सायमाच्या शाळेच्या बसमधून जायचा, त्यामुळे तिच्यासमोर उभा राहिला की त्याचे खांदे आपोआप थोडे पडायचे.

“मिसेस हाकाला, राग मानू नका,” तो म्हणाला, “पण तुमच्या टिकल्या सादळल्यात.”

“सादळल्यात? तुला कसं कळलं? चाटून पाहिल्यास का?”

चारदोन जण हसले. क्लिफर्डच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.

“चार वेळा! बार्नेटवाल्यांसमोर! चूक कुणाचीही होते, वय होतं माणसाचं. मी म्हणतो, यापुढे सामन्यांपुरती तरी दुकानातली काडतुसं आणू. तुम्ही सरावाची भरा.”

‘वय होतं’ हे त्याला म्हणायचं नव्हतं, तोंडातून निसटलं. पण निसटलं ते निसटलंच. सायमा सहासष्ट वर्षांची होती. तिने उठून हात पुढे केला.

“ती चार काडतुसं इकडे दे. आणि शनिवारी सकाळी दहा वाजता इथे ये. रिव्हॉल्व्हर घेऊन ये, आणि हो, घरी त्याला हात लावू नकोस. पुसूसुद्धा नकोस.”

“का?”

“मी सांगते म्हणून.”

क्लिफर्डने मुकाट्याने चारही काडतुसं तिच्या तळहातावर ठेवली.

सायमाचं असं होतं की तिला एखाद्या गोष्टीची भीती वाटण्याआधी त्या गोष्टीची चौकशी करावीशी वाटायची. ही सवय बसने लावली. एकोणतीस वर्षं तिने सात नंबरची शाळेची बस चालवली. हिवाळ्यात पहाटे पारा शून्याखाली वीसवर, इंजिन हूं की चूं करत नाही आणि अकरा मैलांवर एकवीस पोरं फाट्याफाट्यावर गारठत उभी आहेत. बाकीचे चालक टायरला लाथा घालायचे. सायमा हातमोजे काढायची आणि एकेक गोष्ट तपासायची: बॅटरी, मग तारा, मग डिझेल. दोन गोष्टींना एकदम हात नाही लावायचा, नाहीतर बरं कशाने झालं ते कळत नाही आणि उद्या पुन्हा तेच.

क्लबातही ती अशीच घुसली होती. एकाहत्तर साली ती पहिल्यांदा तळघरात आली तेव्हा तिला सांगण्यात आलं, बायकांची भरतकामाची बैठक वर असते, गुरुवारी. तिने ऐकून घेतलं, पर्समधून एक कागदी निशाण काढून टेबलावर पसरलं आणि विचारलं, “हे मी काल घरामागे झाडलंय. तुमच्यातल्या कुणाचं याहून बरं असेल तर दाखवा, मी भरतकामाला जाते.” दहा भोकं, सगळी कॉफीच्या बशीत मावतील एवढ्यात. पुढच्या मंगळवारी तिला सभासद करून घेतलं. काडतुसं भरायला ती मामाकडून शिकली होती. हरणाच्या शिकारीसाठी मामा स्वयंपाकघरातच भरत बसायचा आणि मामी ओरडायची.

बुधवारी सकाळी सायमा आपल्या तळघरातल्या बाकापाशी बसली. तिचा नवरा ओन्नी वर वेलदोड्याचा गोड पाव, निसू, भाजत होता. खाणीतून निवृत्त झाल्यापासून त्याला पावाचं वेड लागलं होतं आणि घरभर तोच वास असायचा. तो पीठ लागलेल्या हातांनी जिन्यात आला.

“काय गं, खरंच सादळल्या का?”

“तूच सांग. टिकल्यांचं खोकं गेल्या उन्हाळ्यात सौनाच्या वाफेच्या खोलीत कुणी ठेवलं होतं?”

ओन्नी पायरीवरच थबकला. “दोन दिवस! फक्त दोन दिवस! आणि सौना पेटवली नव्हती.”

“पाहू या. डोळ्यांना चष्मा लाव, नाहीतर वर जा.”

तिने त्याच खोक्यातल्या दहा टिकल्या दहा रिकाम्या पुंगळ्यांत बसवल्या. बारूद नाही, गोळी नाही, नुसत्या टिकल्या. आपल्या रिव्हॉल्व्हरमध्ये घालून तिने वाळूच्या बादलीवर एकेक झाडली. चट्, चट्, चट्. दहाच्या दहा.

“सौना निर्दोष,” ओन्नी म्हणाला.

“सौना निर्दोष. तुझं अजून सांगता येत नाही.”

मग तिने क्लिफर्डची चार काडतुसं उजेडात धरली. प्रत्येकाच्या बुडावर पोलादी पट्टी आडवी ठेवून पाहिली. पट्टी कुठेच डुगडुगली नाही, म्हणजे टिकल्या नीट आत बसलेल्या होत्या, केसभर खोलच. तेलाचा डाग नाही, खाचेत काजळी नाही. मग तिने भिंग घेतलं, आणि वण पाहून ती खुर्चीत मागे टेकून बसली. तिच्या रिव्हॉल्व्हरचा वण खोल, वाटीसारखा. क्लिफर्डचा उथळ, जणू कुणी दारावर टकटक करून आत न येताच निघून गेलं. दोन काडतुसांवर तर दोन-दोन वण होते, म्हणजे त्याने चक्र फिरवून पुन्हा चाप ओढला होता, आणि तरीही ती उडाली नव्हती.

“ओन्नी,” ती वर बघून ओरडली, “निसू झाला की एक इकडे आण. माझं काम झालंय.”

शनिवारी दहाला क्लब निम्म्याहून जास्त भरला. निशाणावर नेम धरायला कुणीच आलं नव्हतं, सगळे तमाशा पाहायला आले होते. सायमाची मैत्रीण लेम्पी कोक्को पहिल्याच खुर्चीवर बसली होती. पोस्टात चिठ्ठ्या वाटण्यात जन्म गेलेली, गावात कुणाचं काय चाललंय हे त्याच्याआधी तिला कळायचं.

सायमाने क्लिफर्डची चार काडतुसं सगळ्यांना दाखवली, आपल्या रिव्हॉल्व्हरमध्ये भरली, कानांवर आवाज अडवणारी झापडं चढवली आणि झाडली. धाड्, धाड्, धाड्, धाड्. चारही पहिल्याच फटक्यात.

“आता हे सांग,” ती क्लिफर्डकडे वळली. “सादळलेल्या टिकल्या माझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये आल्यावर सुकल्या का?”

तिने त्याचं रिव्हॉल्व्हर मागून घेतलं, रिकामं असल्याची खात्री करून घेतली आणि मुठीच्या पुढच्या कडेला, खालच्या टोकाशी असलेल्या बारीक स्क्रूवर बोट ठेवलं. आतली घोड्याची स्प्रिंग तो स्क्रू ताणून धरतो. तिने पेचकस लावला आणि सगळ्यांना मोठ्याने मोजायला सांगितलं. अर्धा फेरा. एक. दीड. दीड फेऱ्यानंतर स्क्रू तळाला टेकला.

“कुणी सोडवला हा?”

“आपोआप ढिला झाला असेल,” क्लिफर्ड म्हणाला.

“क्लिफर्ड.”

“हं.”

“तू माझ्या बसच्या मागच्या सीटवर च्युइंगगम चिकटवायचास आणि तेव्हाही म्हणायचास, आपोआप चिकटलं असेल.”

तळघर हास्याने दणाणलं. क्लिफर्डने डोकं खाजवलं आणि मग तोही हसायला लागला, दुसरा इलाज नव्हता.

“चाप जड वाटत होता,” त्याने कबूल केलं. “नाताळात सोडवला थोडा. कसला मऊ लागत होता म्हणून सांगू!”

“मऊ लागणारच. घोड्यात जोरच राहिला नाही. मांजराने पंजा मारावा तसा तो टिकलीवर पडतोय.”

स्क्रू घट्ट करून क्लिफर्डने त्याच्या खोक्यातली वीस काडतुसं झाडली. वीसच्या वीस उडाली. त्याने सगळ्यांसमोर टोपी काढली. “मिसेस हाकाला, चुकलो. वयाचं बोललो तेही चुकलो.”

“वयाचं खरंच आहे,” सायमा म्हणाली, “पण ते तू बोलायचं नाहीस.”

दुसरी कुणी असती तर त्या सकाळीच ही गोष्ट संपली असती, आणि छान संपली असती. बाहेर आल्यावर सायमा लेम्पीच्या गाडीत बसली. लेम्पीने इंजिन सुरू केलं, काचेवरचं बर्फ वितळायची वाट पाहत हात चोळले आणि खुशीत म्हणाली, “बरी जिरवलीस गं! आणि बरं झालं, मी मंगळवारी तोंड उघडलं नाही.”

“कशाबद्दल?”

“अगं, माझंही दोनदा ‘खट्’ झालं ना. पहिल्या सराव डावात, तू वर कॉफी आणायला गेली होतीस तेव्हा. थांबले, चक्र फिरवून पुन्हा ओढला, उडालं. दोन्ही वेळा. म्हटलं, क्लिफर्डच्या हातात आयतं कोलीत कशाला द्या!”

सायमा तिच्याकडे वळली.

“दुसऱ्या फटक्याला उडालं? नक्की?”

“नक्की. का गं, त्यात काय?”

“लेम्पी, तुझ्या रिव्हॉल्व्हरचा स्क्रू मी स्वतः घट्ट केलाय, नोव्हेंबरात. तुझं खोकं कुठलं होतं?”

“नऊ नंबर. तीसेक काडतुसं उरलीत, घरी आहेत.”

“चल, आधी तुझ्या घरी.”

पहिल्या फटक्याला नाही आणि दुसऱ्याला उडतं, याचा अर्थ सायमाला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आला असता. टिकली तळाला टेकलेली नसते, केसभर वर राहिलेली असते. पहिला फटका तिला आत ढकलण्यातच खर्ची पडतो, दुसरा तिला फोडतो. यात रिव्हॉल्व्हरचा दोष नसतो. दोष बसवणाऱ्याचा.

क्लिफर्डच्या खोक्यातल्या काडतुसांत तिला असं काही आढळलं नव्हतं, कारण ते दोन नंबरचं होतं. सायमा खोक्यांवर तारीख आणि क्रमांक घालायची. डिसेंबरातल्या एका शनिवारी तिने सलग बसून सहाशे टिकल्या बसवल्या होत्या, आणि ज्या क्रमाने बसवल्या त्याच क्रमाने पन्नास-पन्नासची बारा खोकी भरली होती. टिकली बसवायचं तिचं अवजार पकडीसारखं होतं, हातात धरून अंगठ्याने दांडी दाबायची.

तिने लेम्पीच्या नऊ नंबरमधली उरलेली काडतुसं पट्टीखाली घेतली. तिसांत तीन ठिकाणी पट्टी डुगडुगली. सायमाच्या स्वतःच्या तळघरात न वाटलेली चार खोकी होती. चार नंबरमध्ये एकही टिकली वर नव्हती. सात नंबरमध्ये एक. दहा नंबरमध्ये पाच. बारा नंबरमध्ये नऊ.

सायमा त्या चार खोक्यांकडे पाहत राहिली. अवजार बिघडलेलं असतं तर पहिल्या खोक्यापासून बिघडलं असतं. टिकल्या वाईट असत्या तर सगळीकडे सारख्या पसरल्या असत्या. हे तर पायऱ्यापायऱ्यांनी वाढत गेलं होतं. तिने अवजार उचललं, एक रिकामी पुंगळी घेतली आणि टिकली बसवली. नीट बसली. दुसरी बसवली. पंचविसाव्याला अंगठ्याच्या बुडाशी ओळखीची बारीक कळ आली. दोन हिवाळे ती कळ येत होती. ती हात झटकायची आणि पुढे जायची. साठाव्याला तिने दांडी दाबली, तिला वाटलं टेकली. पट्टी ठेवली. डुगडुगली.

तिने पुन्हा दाबून पाहिलं. अंगठ्यात तेवढा जोरच नव्हता.

तिने अवजार बाजूला ठेवलं. बस सोडताना तिला असं वाटलं नव्हतं. ती तिने स्वतः सोडली होती, केक कापून. हे मात्र तिला न विचारता गेलं होतं. आणि त्याहून बोचत होतं ते दुसरंच. पूर्वी ती प्रत्येक काडतुसाच्या बुडावरून बोट फिरवायची. कधीतरी, दहा-बारा वर्षांपूर्वी, तिने पहिल्या पन्नासांनंतर बोट फिरवणं सोडलं होतं. आपला हात चुकत नाही, हे तिनेच स्वतःला सांगून टाकलं होतं.

ओन्नी खाली आला. तिचा चेहरा पाहून तो शेजारच्या स्टुलावर बसला. तिने सगळं सांगितलं.

“कुणाला कळलंय?” त्याने विचारलं.

“तुला. लेम्पीला अर्धंमुर्धं. ती बोलणार नाही.”

“पोस्टातली बाई बोलणार नाही?”

“माझ्याबद्दल नाही बोलणार.”

ओन्नीने तिचा हात घेतला आणि अंगठ्याचं बूड आपल्या जाड बोटांनी दाबत राहिला. “मग काय करणार?”

“काय करणार म्हणजे? माणसांच्या घरी माझी वाईट काडतुसं पडलीत. फोन कुठाय?”

त्या दुपारी तिने सात जणांना फोन केले. प्रत्येकाला एकच वाक्य: डिसेंबरातलं खोकं झाडू नका, मंगळवारी परत आणा, का ते तिथे सांगेन. फोन करता करता तिचा आवाज नेहमीसारखा खणखणीत झाला. चौथ्या-पाचव्या फोनला तर तिने पलीकडच्याला दरडावलंही, कारण तो म्हणाला, दोनचार उडाल्या नाहीत तर काय बिघडतं.

मंगळवारी ती सगळ्यांसमोर उभी राहिली. भाषण करायची तिला सवय नव्हती, पण गोंधळ घालणाऱ्या पोरांची बस तिने नुसत्या आवाजावर शांत केलेली होती.

“शनिवारी मी तुम्हाला जे सांगितलं ते खरं होतं, पण अर्धं होतं. क्लिफर्डच्या रिव्हॉल्व्हरमध्ये दोष होता. माझ्या काडतुसांतही आहे. पुढच्या खोक्यांत टिकल्या वर राहिल्यात. कारण माझा अंगठा आता शेवटपर्यंत पुरत नाही, आणि मी तपासणं सोडून दिलं होतं. अंगठ्याला माझा इलाज नाही. न तपासण्याला होता.”

मागून एकजण म्हणाला, “त्याच टिकल्या पुन्हा दाबून आत नाही का बसवता येणार? भरलेल्या काडतुसातच?”

“येतील. आणि एखादी हातात फुटली की तुझी बोटं मोजायला मी येईन. भरलेल्या काडतुसाची टिकली दाबायची नाही. सगळी सोडवणार मी, एकेक.”

मग क्लिफर्ड उठला. सगळ्यांना वाटलं, आता हा वचपा काढणार. त्याने खिशात हात घातले, बाहेर काढले, पुन्हा घातले.

“मिसेस हाकाला, शनिवारी तुम्ही मला झापलंत, मी घरी जाऊन बायकोवर चिडलो. आज तुम्ही उभं राहून हे सांगितलंत. मला नसतं जमलं.” तो थांबला. “टिकल्या मी बसवून देतो. अंगठे आहेत माझे, हे बघा.”

“तू?” लेम्पी ओरडली. “जो धडधाकट रिव्हॉल्व्हरचा स्क्रू सोडवतो तो?”

हशा पिकला आणि खोलीतलं अवघडलेपण निघून गेलं. पण सायमा हसली नाही, ती विचार करत होती. “बसवणार मीच,” ती म्हणाली. “ते काम मी कुणाला देणार नाही. पण तुझ्यापाशी गिरणीचं लेथ आहे ना? शनिवारी ये माझ्याकडे.”

तिच्या तळघरात मामाचं ओतीव लोखंडाचं जुनं यंत्र पडून होतं, बाकाला बोल्टने घट्ट बसवलेलं. त्यावर दांडीने टिकली बसवता यायची. पण दांडी आखूड होती आणि टिकली टेकल्याचं हाताला नीट कळायचं नाही, म्हणून सायमाने ते कधीच वापरलं नव्हतं. क्लिफर्डने ते पाहिलं, चार मापं घेतली आणि पुढच्या शनिवारी कोपरापर्यंत पोचणारी नवी दांडी घेऊन आला, टोकाला सायकलच्या हँडलची रबरी मूठ बसवलेली. सायमाने उभं राहून, तळहाताच्या वजनाने ती दाबली. अंगठ्याला काम उरलं नाही. टिकली तळाला टेकली तेव्हाचा तो बारीकसा ‘टक्’ तिला तळहातात लख्ख जाणवला.

“कळलं?” क्लिफर्डने विचारलं.

“कळलं. आता तू तिकडे बस, पट्टी घे. मी बसवलेली प्रत्येक तू तपासायचीस. डुगडुगली की बाजूला. माझ्यावर दया नको.”

“आणि एकही नाही डुगडुगली तर?”

“तरीही पुढची तपासायची.”

जुनी काडतुसं सोडवायला तिला नऊ सकाळी लागल्या. हातोडीसारख्या पोकळ अवजारात काडतूस अडकवायचं आणि ओंडक्यावर आपटायचं, की गोळी सुटून येते. ओन्नी वरून म्हणायचा, घरात सुतारपक्षी पाळलाय. बारूद वेगळी, गोळ्या वेगळ्या, आणि टिकल्या बसलेल्या पुंगळ्यांचा वेगळा ढीग, बारूद नसलेल्या, जपून एकेक झाडून टाकायच्या. डाव्या हाताने आपटायला ती तिसऱ्या दिवशी शिकली.

मार्चमध्ये परतीचा सामना बार्नेटला झाला. नॉर्लुंडच्या संघाने त्या संध्याकाळी तीनशे गोळ्या झाडल्या आणि तीनशेच्या तीनशे उडाल्या. तरी ते दोन गुणांनी हरले. शेवटच्या डावात क्लिफर्डचा हात हलला आणि एक गोळी पार कडेला गेली. तो परत येऊन बाकावर सायमाशेजारी धपकन बसला.

“आता कुणाला दोष देऊ?” तो म्हणाला.

“कुणालाच नाही. फार वाईट वाटतं ना तसं?”

“फार.”

“मलाही वाटलं होतं. पॅस्टी घे.”

एप्रिलमध्ये रस्ते मोकळे झाले आणि एका सकाळी सायमाच्या दारात बार्नेटची गाडी उभी राहिली. त्यांचा कप्तान, टक्कल पडलेला लाजरा मनुष्य, छातीशी कॉफीचा डबा धरून उतरला. गेल्या महिन्यात त्याच्याकडे सात काडतुसं उडाली नव्हती. त्याच्या क्लबात कुणी म्हणे टिकल्या जुन्या, कुणी म्हणे बारूद खराब, आणि दोन भावांनी यावरून एकमेकांशी बोलणं टाकलं होतं. नॉर्लुंडला एक बाई आहे, तिला विचार, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. सायमाने त्याला आत घेतलं, ओन्नीला निसू कापायला सांगितलं, डब्याचं झाकण उघडलं आणि चष्मा नाकावर घेत पहिलं काडतूस उजेडात धरलं.

“यांखेरीज दुसऱ्यांदा चाप ओढल्यावर उडालेली किती होती?” तिने विचारलं. “आणि आठवून सांगा, अंदाजाने नको.”